पाठीची परीक्षा

आमच्या ह्यांची पाठ कामातून गेली ती गाड्यांखाली झोपून झोपून. गॅरेज आता मुलगा चालवतो. पण गाडी आली की आधी बापाला मागच्या सीटवर बसवायचा आणि खड्ड्यांच्या रस्त्यानं फिरवून आणायचा. हे कण्हले की समजायचं, शॉक अ‍ॅब्जॉर्बर गेले. कळ उजवीकडे आली तर उजवा, डावीकडे आली तर डावा.

"बोनेट दाबून गाडी किती डुलते ते काय, कुणीही बघेल," हे ऐटीत सांगायचे. "माझ्या पाठीला खोटं बोलता येत नाही."

घरी आले की पालथे पडायचे आणि मी बसायची शेकत. जीव तुटायचा माझा. पण चेहरा कसा खुललेला! कामाचा माणूस होते ना अजून.

मग सुनेला आला पुळका. "बाबा, जरा टेका," म्हणत तिनं गुपचूप पाठीमागे जाड उशी सरकवली. त्या दिवशी हे कण्हलेच नाहीत. "ठणठणीत आहे गाडी," म्हणाले, आणि मुलानं ती गिऱ्हाइकाला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात. ब्रेक मारला की गाडी नाक टेकतेय, वळणावर कलतेय, मागून तेल गळतंय. चारचौघांत मुलाचं हसं झालं. सून रडत म्हणाली, उशी मी ठेवली होती.

"उशी असो नाहीतर गादी, बाबांना कळायला नको?" मुलगा म्हणाला.

मग दोन दिवसांनी त्याच गाडीत पुन्हा परीक्षा, बिनउशीची. साक्षीला मलाही बसवलं. पहिल्या खड्ड्यालाच हे कण्हले. दुसऱ्याला तर ओरडलेच, "गेले! मागचे दोन्ही गेले!" मला मेलीला हादरासुद्धा बसला नव्हता.

"अहो, पुरे," मी चिमटा काढला. पण हे घामाघूम होऊन कण्हतच राहिले.

मुलानं गाडी थांबवली. मागे वळलाही नाही.

"बाबा, चारही शॉक मी कालच बदललेत. कोरे आहेत."

"पण दुखतंय रे खरंच."

"ते तर तुमचं नेहमीच दुखतं. उद्यापासून घरीच बसा."

बापाशी असं बोलतात? माझ्या पोटचा, म्हणून गिळलं मी. अजूनही हॉर्न वाजला की हे चपला घालून दाराशी उभे राहतात. मुलगा बोनेट दाबून बघतो.