कॅप्टनला काय म्हणावे

प्लेगचे वर्ष मागे पडून सुरत शहर झाडून-पुसून पुन्हा उभे राहिले होते. त्या सुमारास बमरोलीच्या आमच्या सोसायटीत पहिला संगणक आला, तो माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या भटू पाटलांच्या घरी. त्यांचा थोरला मुलगा ललित उधन्याच्या एका खाजगी वर्गात संगणक शिकवीत असे. वर्गाने मोडीत काढलेले एक यंत्र त्याने मागून आणले, खटपट करून चालते केले आणि आतल्या खोलीत धान्याच्या पिंपाशेजारी मांडले.

मी त्या वेळी मराठी शाळेतून संस्कृतचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो होतो. स्नान, संध्या आणि नित्यपाठ आटोपला की दिवस मोठा उरत असे. ललितची आई सरलाबाई मला चहासाठी बोलावीत, आणि मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. पुढे जे घडले ते अशा रीतीने माझ्या डोळ्यांसमोर घडले.

भटू हे यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम होते. सुरतेत अशा कारखान्याला खाते म्हणतात. एकदा त्यांच्या घरचा निरोप घेऊन मी खात्यात गेलो होतो. आत पाऊल टाकताच माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येईना. मागांवरचे असंख्य धोटे एकाच वेळी आपटत होते. त्या गदारोळात कोणी कोणाला नावाने हाक मारीत नव्हते, साहेब म्हणत नव्हते आणि भाईही म्हणत नव्हते. मुकादम दुरून बोटांनी खूण करी. ज्याच्यासाठी ती असे तो कामगार उघडा पंजा खांद्यापर्यंत उचली आणि कामाकडे निघून जाई. पंजा उचलला म्हणजे आज्ञा पोहोचली आणि मान्य झाली; मुकादमाला पुन्हा वळून पाहण्याचे कारण उरत नसे. भटूंचे अर्धे आयुष्य शब्दांवाचून चालणाऱ्या या व्यवहारात गेले होते. घरीही ते मोजकेच बोलत.

त्यांची मुलगी चंचल बी.एस्सी. झाली होती. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या गणवेशात ती सोसायटीतून जाऊ लागली की ओट्यावरच्या बाया भाजी निवडायच्या थांबत. लष्करात स्त्रियांना अधिकारी म्हणून घेऊ लागल्याला तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. चंचलने अर्ज केला, लेखी परीक्षा पार पाडली आणि भोपाळला मुलाखतीचे बोलावणे आले. भटू नाही म्हणाले नाहीत, आणि हो असेही त्यांच्या तोंडून निघेना. वडिलांनी पाठवल्यावाचून मी जाणार नाही, असे चंचलने आईला सांगून ठेवले होते. मुलाखतीचा दिवस जवळ येत होता आणि घरात त्या विषयावर कोणी उघड बोलत नव्हते.

अशा दिवसांत ललितने त्या संगणकावर एक परदेशी युद्धाचा खेळ आणला. त्यात सेनेची नायिका एक स्त्री होती. खेळणाऱ्याने बटण दाबले की ती आज्ञा देई आणि सैनिक उत्तर देऊन धावू लागत. चंचल तो खेळ फार तन्मयतेने खेळे. एके दिवशी पाळीहून आलेले भटू हातपाय धुऊन तिच्या मागे उभे राहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी ललितला विचारले की हे शिपाई प्रत्येक वेळी काय म्हणतात. ललित म्हणाला, “येस सर.” बाईला सर म्हणतात का, असे भटूंनी विचारले. त्यावर ललित हसून म्हणाला की या खेळात तरी तसेच म्हणतात. खेळ करणाऱ्यांनी पुरुषांचे आवाज आधी भरून ठेवले असतील आणि तेच तिच्या वाट्याला आले असतील.

भटू माझ्याकडे वळले.

“देखं का गुरुजी? खेळमा बी बाईनं आयकाले तिले माणूस करनं पडनं.”

खेळातसुद्धा बाईचे ऐकण्यासाठी तिला पुरुष करावे लागले, एवढाच त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. त्यांच्या स्वरात उपहास नव्हता. कित्येक दिवस मनात असलेल्या शंकेला पुरावा मिळावा तसे ते बोलले. मग चंचलकडे पाहून म्हणाले, “तुले त्या शिपाई काय म्हनतीन, ते सांग. मंग जाय.”

चंचल खोटे बोलणारी मुलगी नव्हती. ती म्हणाली की तिला ठाऊक नाही. एन.सी.सी.मध्ये ज्या बाई अधिकारी होत्या त्यांना मुली मॅडम म्हणत. परंतु परेड शिकवणारे हवालदार त्यांना हाक मारण्याची वेळच येऊ देत नसत, समोर येऊन उभे राहत आणि बोलू लागत. हे ऐकून भटूंनी मान हलवली आणि ते जेवायला बसले. सरलाबाई ताट वाढताना म्हणाल्या, “मला आजवर कोणी सरला म्हटलं? पाटलाची बायको, ललितची माय. पण चुलीनं कधी विचारलं नाही, तुला काय म्हणू म्हणून.” भटूंनी भाकरी मोडली.

ललितने ती गोष्ट मनावर घेतली. स्वतःच एक लहानसा खेळ करण्याचे त्याने ठरवले: एक नदी, एक पूल, एक तुकडी आणि तिची कॅप्टन. कॅप्टनचा आवाज चंचलचा असणार होता. सैनिक तिला असे काही म्हणतील की नानांना (भटूंना मुले नाना म्हणत) आक्षेप घेता येणार नाही, एवढीच त्याची इच्छा होती. तो योग्य शब्द विचारायला माझ्याकडे आला.

मला त्या प्रश्नाने आनंद झाला. आपल्या पूर्वजांनी संबोधनाचा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. राजाला सेवकाने काय म्हणावे, राणीला दासीने काय म्हणावे, ज्येष्ठ स्त्रीला अनोळखी पुरुषाने काय म्हणावे, हे सारे ठरलेले असे. कारण हाक मारल्याक्षणी दोन माणसांमधील अंतर निश्चित होते. मी दोन दिवस विचार करून त्याला ‘आर्ये’ हा शब्द दिला. त्यात आदर आहे, दास्य नाही आणि लाडही नाही.

खात्याच्या सुट्टीच्या दिवशी पाटलांच्या आतल्या खोलीत ध्वनिमुद्रण ठरले. सैनिकांच्या आवाजासाठी भटूंच्या खात्यातले दोघे आले होते. सुपडू हा नंदुरबारकडचा, आणि मगन त्याचा गुजराती सोबती. खिडक्या लावल्या गेल्या. सरलाबाईंनी कुकर खाली उतरवला. भटू खाटेवर चहाचा कप घेऊन बसले होते. हा मुलांचा उद्योग आहे, आपला त्यात संबंध नाही, असा त्यांचा चेहरा होता.

चंचलने पहिली आज्ञा दिली. मगनने तत्परतेने उत्तर दिले, “जी, कॅप्टनबेन.” सुरतेत डॉक्टरीण डॉक्टरबेन असते आणि शिक्षिका टीचरबेन, तेव्हा त्याचे काही चुकले नव्हते. चंचल म्हणाली, “मगनभाई, असं म्हणाल तर लढाई सोडून मला राखी आणायला जावं लागेल.” मगन म्हणाला की राखी बांधली तर तो पुलासाठी अधिक जोरात लढेल. ललितने ते पुसून टाकले. मग सुपडूला मॅडम म्हणायला सांगितले. त्याने म्हटले, पण म्हणताना दंड चोरून घेतला. कारण विचारता तो म्हणाला, “मॅडम म्हटलं का दवाखान्यातली नर्सच दिसते. तिच्या हातात सुई असते.”

शेवटी माझा शब्द आला. सुपडूचा उच्चार अपेक्षेपेक्षा शुद्ध होता. परंतु ‘आर्ये’ म्हणताना त्याचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले आणि मस्तक लवले, जणू सत्यनारायणाच्या पाटासमोर बसला आहे. ललित नम्रपणे म्हणाला, “गुरुजी, शब्द छान आहे. पण हात जोडले तर बंदूक कोण धरणार?” सर्वजण हसले आणि मीही हसलो.

उरला होता तो खेळातल्या तुकडीच्या वृद्ध सुभेदाराचा आवाज. मगन आणि सुपडू यांचे गळे तरुण होते. ललितने वडिलांना विनंती केली. भटूंनी आधी नकार दिला, मग सरलाबाईंनी डोळ्यांनी काही सांगितले असावे. ते उठून संगणकासमोरच्या स्टुलावर बसले. ललितने ध्वनिग्राहक त्यांच्या तोंडासमोर धरला आणि समजावले की चंचलची आज्ञा संपली की नानांनी उत्तर द्यायचे, हाक मात्र त्यांना सुचेल ती मारायची, तो काही सांगणार नाही. भटूंनी मान डोलावली. मला वाटले, ते मुद्दाम सर म्हणतील आणि तो विषय तेथेच संपेल. चंचललाही तसेच वाटले असावे, कारण आज्ञा देण्यापूर्वी ती क्षणभर थांबली. मग समोर पाहत, आवाज न चढवता तिने म्हटले:

“सुभेदार, डावीकडची तुकडी मागे घ्या. पूल मोकळा करा.”

भटूंनी उघडा पंजा खांद्यापर्यंत उचलला, स्टुलावरून उठले आणि दाराकडे निघाले.

काही क्षण कोणाच्याच काही लक्षात आले नाही. ललितने मुद्रण मागे नेऊन ऐकवले. चंचलची आज्ञा स्पष्ट उमटली होती. तिच्यानंतर पंख्याची घरघर होती आणि स्टूल सरकल्याचा आवाज. सरलाबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. ललित म्हणाला, “नाना, यंत्राला हात दिसत नाही, बोलायचं होतं.” मगन आणि सुपडू मात्र हसले नाहीत. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग सुपडू हळूच म्हणाला, “मुकादम, हा हात तर आम्ही तुम्हाला करतो.”

भटू उंबऱ्यात थांबले होते. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. चंचल जागची हलली नाही आणि काही बोललीही नाही. मला तिचे हे शहाणपण आजही आठवते. ललितने पुन्हा मुद्रण करू का असे विचारले. भटू म्हणाले, नको, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दूध घेताना ते मला भेटले. भोपाळला जाण्यासाठी भुसावळला गाडी बदलावी लागते का, असे त्यांनी विचारले. मी होय म्हटले. मग भुसावळला मुलीच्या मामाला कळवावे लागेल, असे स्वतःशीच म्हणत ते आत गेले. एवढीच त्यांची संमती होती. ललितने खेळातून सैनिकांची सारी उत्तरे काढून टाकली. त्याच्या सैनिकांना आज्ञा मिळाली की ते पंजा उचलीत आणि निघत. वर्गातल्या मुलांना त्याचा अर्थ कळला नाही, पण खात्यातले लोक तो खेळ पाहायला येत आणि समाधानाने माना हलवीत.

चंचलला पोहोचवायला आम्ही उधना स्टेशनवर गेलो. सरलाबाईंनी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. भटू डब्यात चढून तिची पेटी या बाकाखालून त्या बाकाखाली सरकवीत राहिले. शेवटी ती म्हणाली, “नाना, उतरा आता. तुमची दुपारची पाळी आहे.” ते उतरले, परंतु खिडकीचे गज धरून उभे राहिले आणि भुसावळच्या मामाविषयी तेच ते सांगू लागले. गाडी हलली. ते गज धरूनच चालू लागले. शेजारच्या रुळावरून मालगाडी जात होती. चंचलचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मग तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि दोन बोटांनी फलाटाबाहेर जाणाऱ्या जिन्याकडे खूण केली.

भटूंनी गज सोडले. उघडा पंजा खांद्यापर्यंत उचलला आणि वळून चालू लागले.

शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी तेथेच थांबलो. ते एकदाही मागे वळले नाहीत. जिन्यापाशी मी त्यांना गाठले, तेव्हा ते घड्याळ पाहत होते.

“चला गुरुजी,” ते म्हणाले, “पाळीना टाइम व्हई गया.”