सीताबाईंच्या पापण्या

शुक्रवारी दुपारी सीताबाईंनी पडघ्याच्या सुकन्याला खुर्चीत बसवलं, तेव्हा त्यांची लेक मृणाली पलंगावर वाचत पडली होती. भिवंडीतल्या या खोलीत आईच्या हातून किती नवऱ्या तयार झाल्या, याची गणतीच नव्हती. सुकन्याची उद्या हळद. बाजारातून तिने स्वतःचा आयलॅश कर्लर, पापण्या वळवायचा चिमटा, आणला होता. सीताबाईंनी तो उघडमीट करून पाहिला.

"सपाट हाय गो हा. तुझे डोळे गोल. कोपऱ्यात कातडी धरील, बोंब मारशील. आपल्या डोळ्याला बसेल असा बाक बघून घ्यायचा. आन् आतलं रबर चिरलेलं असलं तर घ्यायचाच न्हाय."

त्यांनी आपला काढला. "नजर खाली. मान न्हाय, नजर!" मुळाशी हलकेच दाबून दहा आकडे, मग जरा वर, मग टोकाशी. ओढायचं नाही. मस्कारा नंतरच, आधी लावला तर पापण्या चिकटून उपटून येतात.

सुकन्या आरशात बघून हरखली. "काकी, तुम्ही का नाय करत?"

"मला कोण बघतंय?" सीताबाई हसल्या.

मृणालीने पान उलटलं. खरं कारण तिला ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी सीताबाई न्हाणीघरात कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. दुपारी इस्पितळातून घरी आणलं ते चादरीत गुंडाळून.

बायका जमल्या. सवाष्ण गेली म्हणजे नवरीसारखी सजवायची: हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट, गजरा. मृणालीच्या वडिलांची, केसरीनाथांची, थोरली बहीण काशीआत्या सगळ्यांना हुकूम सोडत होती. "नशीबवान गो माझी भावजय. नवऱ्याच्या आधी, भरल्या कपाळानं गेली."

मृणालीच्या मस्तकात तिडीक गेली. चौपन्नाव्या वर्षी मेलेल्या बाईला नशीबवान म्हणतात! ती उठली, आईच्या पेटीतून कर्लर घेतला, स्पिरिटने पुसला आणि आईच्या उशाशी बसली.

"अगो बया, मेलेल्या माणसाला चिमटा लावतेस?" काशीआत्या ओरडली.

"नवरी करायची म्हणालीस ना? या घरातून नवरी अशीच बाहेर पडते."

"शिकून येडी झाली पोर. लोक हसतील."

"हसू देत. सवय आहे त्यांना."

आवाज ऐकून केसरीनाथ दारात आले. "मृणाली, ठेव ते. नखरे पुरे झाले. बाहेर माणसं खोळंबल्येत."

मृणालीने आईच्या उजव्या डोळ्याच्या पापण्या मुळाशी धरल्या. मनात दहा मोजले. हात कापत नव्हता, याचाही तिला राग आला.

"ठेव म्हणतो ना!"

"नाही ठेवणार." तिने मान वर केली नाही. "बाबा, आत्याच्या भावेशच्या हळदीला आईने पहिल्यांदा स्वतःच्या पापण्या वळवल्या होत्या. काजळ, मस्कारा, सगळं. तुम्ही भर मांडवात विचारलंत, 'तमाशात नाचायला निघालीस काय?' मांडव हसला. आत्या, तू तर टाळी दिलीस. आई मोरीवर गेली आणि साबणाने तोंड धुऊन आली. त्यानंतर तिने कर्लर फक्त दुसऱ्यांच्या डोळ्यांना लावला. आणि आज तुम्ही मागे उरलात म्हणून ती नशीबवान?"

केसरीनाथ चौकट धरून उभे राहिले. मृणाली दुसऱ्या डोळ्याकडे वळली आणि तिथेच थांबली.

"आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्या दिवशी मीही हसले होते."