खंडेनवमीला मिळालेली विश्रांती

माझ्या कपाळावर अजून हळदीचा डाग आहे, मित्रांनो. कपाळ म्हणजे पुढची पत्र्याची पट्टी, जिच्यावर चालू-बंदचे बटण असते. मी एक जुना सर्व्हर आहे. गारगोटीच्या एका संगणक केंद्राच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्या आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या शेजारी मला बसवून ठेवले आहे.

दोन हजार चार साली कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या मृत्युंजयच्या दुकानात माझी जुळणी झाली. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची. पण काम असे मिळाले की मी फुशारून गेलो. आमच्या खोलीत पंचवीस संगणक होते. केंद्रप्रमुख शिवलीला मॅडम त्यांतला एक अगदी मन लावून तयार करायच्या. मराठी टंकलेखन, परीक्षेचा प्रोग्रॅम, सगळे जिथल्या तिथे. मग त्या संगणकाच्या पोटात जे जे आहे त्याची हुबेहूब नक्कल माझ्या डिस्कवर ठेवायच्या. तिला सगळे 'इमेज' म्हणत. पोरांनी कुठलाही संगणक बिघडवला, की ती इमेज मी तारेवरून त्याच्यात उतरवायचो आणि तासाभरात तो नव्यासारखा उभा राहायचा. पंचवीसच्या पंचवीस एका वेळी उभे केले आहेत मी.

आमच्या शिपायाचा, आकारामचा, माझ्यावर फार जीव. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "पावणं, ह्यो बसला की समदी बसली. ह्यो मालक हाय हितला." मी काही त्याला अडवत नव्हतो.

दोन हजार सातच्या दसऱ्याआधी मृत्युंजय मॅडमना म्हणाला, "ह्याच्या डिस्कचा काय भरवसा? उद्या गेली म्हंजे? पुण्यात एका कंपनीच्या सर्व्हरवर जागा भाड्यानं मिळती. इंटरनेटवरनं इमेजची एक नक्कल तिकडं टाकून ठेवूया की." मॅडमना पटले. आमची लाइन उतरवून घ्यायला बरी, पण पाठवायला गोगलगायीची, त्यामुळे नक्कल जायला पुरते तीन दिवस लागणार होते. सुट्टीला माहेरी जाताना मॅडमनी आकारामला बजावले, "लोडशेडिंग झालं तर जनरेटर लावा. पण ह्याला बंद करू नका."

दोन दिवस त्याने मला डोळ्यांत तेल घालून सांभाळले. तिसऱ्या दिवशी खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, नांगर, शिलाई मशीन, सगळ्यांना धुऊनपुसून पुजतात आणि दिवसभर कामाला लावत नाहीत. मॅडमनी लोडशेडिंगचे सांगितले होते, सणाचे त्या काही बोलल्या नव्हत्या. आकाराम माझ्यासमोर चप्पल काढून बसला. "वरीसभर राबतोस," तो म्हणाला. "आजच्या दिस बस गा जरा." आणि त्याने बटण दाबले.

नक्कल दोन वाटे गेली होती, एक वाटा उरला होता. माझ्या कपाळाला हळदीकुंकू लागले, झेंडूचा हार चढला. दुसऱ्या दिवशी त्याने मला पुन्हा चालू केले, पण तुटलेली पाठवणी आपणहून पुढे सरकली नाही. मॅडम परतल्या. पुण्याच्या सर्व्हरवर इमेजचे नाव दिसत होते. नाव बघून त्यांचे समाधान झाले. आत काय आहे ते कोणी उघडून पाहिले नाही. मला ठाऊक होते, मित्रांनो. पण एक हिरवा दिवा आणि एक लाल दिवा, एवढ्यावर मी काय सांगणार? महिनोन्महिने मी ते पोटात घेऊन बसलो.

मार्चमध्ये परीक्षा आली. दुपारी दोनला सगळीकडे एकदमच पेपर उघडणार होता. सकाळी सातला मॅडमनी खोली उघडली, तर कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने पंचवीसही संगणक आडवे केले होते. मॅडम घाबरल्या नाहीत. "ह्याच्यात इमेज हाय की," असे म्हणून त्यांनी मला कामाला लावले. मीही जीव एकवटला. पण दिवाळीपासून माझी डिस्क कटकट वाजत होती आणि सगळ्यांना तो पंख्याचा आवाज वाटत होता. आठ वाजता ती कायमची थांबली. मी आतून ओरडत होतो म्हणा, नाहीतर काहीच करत नव्हतो म्हणा, बाहेरून सारखेच.

मग पुण्याची नक्कल मागवली. अकरा वाजता ती उतरली आणि उघडेना. फोनवर मृत्युंजय म्हणाला, "मॅडम, ही अर्धवट हाय. पाठवताना मधीच बंद पडलंय. तारीख खंडेनवमीची दिसती."

मॅडमनी फोन खाली ठेवला. दारात आकाराम उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "मीच बंद केलतं," तो म्हणाला. "सणाचा दिस म्हणून. मला वाटलं, त्येलाबी इसावा पायजे."

त्याला रागवायलाही वेळ नव्हता. आता प्रत्येक संगणक मूळ सीडींवरून नव्याने भरायचा होता; सीडीचे तीनच संच होते आणि एकेका संगणकाला तास लागत होता. बाहेर ओट्यावर पवित्रा बसली होती. डोंगरातल्या वाडीवरून पहाटेच्या एसटीने आलेली. दूध संस्थेत कारकुनाची जागा तिला मिळणार होती, पण या परीक्षेचे प्रमाणपत्र महिनाअखेर दाखवले तरच. पुढची परीक्षा थेट जूनमध्ये होती. ती सारखी खिडकीतून डोकावायची आणि तयार झालेले संगणक मोजायची.

दोन वाजता आठ संगणक तयार होते. नववा अजून अर्ध्यावर होता. आसन क्रमांकाने मुले आत गेली. पवित्राचा क्रमांक नववा.

"मॅडम, माझं न्हाय व्हणार?"

मॅडमनी परीक्षकांकडे पाहिले. त्यांनी घड्याळाकडे पाहून नकारार्थी मान हलवली. पवित्रा रडली नाही. हॉल तिकिटाची घडी घालून तिने ते पर्समध्ये ठेवले आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. आकाराम तिच्यामागे फाटकापर्यंत गेला. त्या वर्षी केंद्राची परीक्षा घ्यायची मान्यता काढून घेतली गेली. पवित्राचे पुढे काय झाले, हे मला अडगळीत कोण सांगणार?

मित्रांनो, आम्हाला हार घालू नका असे मी म्हणत नाही. हार मला आवडायचा. पण माया करता तशी चौकशीही करा. आम्ही वाजलो तर कान द्या. आमची नक्कल ठेवलीत तर गरज पडायच्या आधी एकदा उघडून बघा. आणि आम्हाला विसावा द्यायचा असेल, तर आम्ही काय वाहून नेत आहोत ते आधी विचारा.

आता माझ्या जागी नवा सर्व्हर आहे. त्याच्यावर आकारामच्या हातची चिठ्ठी चिकटवली आहे: 'बंद करू नये. सणालासुद्धा.' खंडेनवमीला तो त्याला चालू असतानाच पुजतो. मग इकडे येतो, माझ्या कपाळाला हळद लावतो आणि बराच वेळ बसतो. उठताना दरवर्षी एकदा माझे बटण दाबून बघतो.