तुळईला भिडलेली भिंत

मुरूम गावच्या सहकारी संघानं नवं ऑफिस बांधलं आणि जुनं आमच्या गृहनिर्माण सोसायटीला विकलं. त्यातल्या मोठ्या हॉलची तीन घरं निघाली. जाडजूड दगडी भिंती, वर मातीचं माळवद. बाहत्तरच्या दुष्काळातसुद्धा तिथले कारकून पंख्याशिवाय डुलक्या काढायचे, कारण वारा पूर्वेच्या खिडक्यांतून शिरायचा आणि पश्चिमेच्या खिडक्यांतून निघून जायचा. भर दुपारी वीज जाणाऱ्या गावात याहून चांगलं घर कुठं मिळणार?

ओव्हरसियर बजावून गेला होता, "मधल्या भिंती माणसाच्या उंचीएवढ्याच ठेवा. वरून वारा खेळू द्या."

पण ऐकतंय कोण! पश्चिमेचं घर अयोध्याबाईचं, पूर्वेचं आमचं आणि मधलं सकिनाबीचं. अयोध्या लिंगायत, अंड्याचं टरफल दिसलं तरी आंघोळ करणारी. ती गवंड्यापुढं कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मधी मटन शिजनार आन् वास माझ्या देव्हाऱ्यावर येनार? माझी भिंत तुळईला भिडली पायजे."

भिडली. आमच्याकडची भिंत आम्ही बुटकीच ठेवली. सकिनाबीचं मटण आणि आमची सुकट यांचं भांडण व्हायचं काही कारण नव्हतं. पण वाऱ्याला नुसतं यायला दार असून भागत नाही, जायलाही लागतं. उन्हाळा लागला आणि तिन्ही घरं भट्टीसारखी तापली. मधल्या घराला तर एकही खिडकी नव्हती.

अशात सकिनाबीची लेक रजिया माहेरी बाळंत झाली. बाळ घामोळ्यांनी लालबुंद, दिवसभर टाहो फोडायचं. अयोध्या माझ्या दारात येऊन कुरकुरायची, "मालनबाई, सांगा की त्यास्नी. डोळ्याला डोळा लागंना झालाय."

"कानबी तुळईपतोर लिंपून घ्या मग," मी म्हणायची. मला तिचा भयंकर राग यायचा. सकिनाबीनं तिला दोनदा विनवलं होतं, "बाई, मटन बाहेर अंगनात शिजवते. वरच्या चार इटा तेवढ्या काढू द्या." अयोध्यानं दाद दिली नव्हती.

शेवटी एका सकाळी सकिनाबी रजियाचे कपडे बांधायला बसली. "कळंबला धाडते सासरी. तिथं खिडक्या हायेत."

"सव्वा महिना न्हाय झाला अजून! या उन्हात यष्टीनं?"

"मग काय करू? इथं लेकरू भाजून निघालंय." एवढं बोलून ती गाठोड्यावर डोकं टेकून रडली. मलाही रडू आलं. उद्याची पहिली गाडी ठरली.

त्याच दुपारी वीज गेली. मी भाकरी थापत होते, तेवढ्यात अयोध्या धावत आली. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही.

"ते रडत का न्हाय?"

"कोन?"

"लेकरू! सकाळपास्नं आवाज न्हाय त्याचा."

माझे हात पिठातच थांबले. भिंत बुटकी माझ्याकडं, आणि ध्यानात आलं ते तिच्या. आम्ही आत गेलो. रात्रभराच्या जागरणानं माय-लेकींना भिंतीशी बसल्या बसल्या डुलकी लागली होती. बाळ झोळीत मलूल पडलं होतं, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. अयोध्यानं लुगड्याचा पदर माठात बुडवला आणि त्याचं अंग पुसायला लागली. रजिया दचकून उठली आणि तिनं त्याला छातीशी घेतलं. ते ओढेना. अयोध्या ओल्या पदरानिशी तशीच निघून गेली. मला वाटलं, बघवेना म्हणून गेली.

पलीकडून घाव ऐकू आला. मग दुसरा. तुळईखालची माती भुरभुरली, एक वीट सुटली आणि उजेडाची पट्टी आत आली. मी रजियाला बाळासकट बाजूला ओढलं आणि धावत पलीकडच्या दारात गेले. अयोध्या पाट्यावर पाट ठेवून चढली होती आणि पहार घालत होती. विटा तिच्याच बाजूला पडत होत्या, तिच्याच देव्हाऱ्यापुढं. परत आत आले तर बुटक्या भिंतीवरून माझ्या खिडकीला लावलेलं पातळ हलताना दिसलं. वारा माझ्या घरातून निघाला, रजियाच्या कपाळावरचे केस उडवत वर गेला आणि त्या भगदाडातून पलीकडं गेला.

बऱ्याच वेळानं बाळानं ओठ हलवले, मग ओढायला लागलं. कळंबची गाडी सकिनाबीनं सोडून दिली.

रात्री त्यानं असा गळा काढला की गल्ली जागी झाली. मी भिंतीवरून हाक मारली, "अयोध्याबाई, झोप लागती का?"

"रडतंय नव्हं?" पलीकडून आवाज आला. "मग लागती की."