पार्श्वभूमी

…ग्लासवरची झाकणी जराशी कललेली, आणि मंत्री ती एका बोटानं सरळ करताहेत, पुन्हा कलती करताहेत — म्हणजे कंटाळलेत, हे शिकवताना वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघून बघून त्याला चांगलं कळत होतं. सरांना कळत नव्हतं. सर प्राध्यापक संघटनेचे अध्यक्ष, विषय इतिहास; मंत्र्यांनी विचारलं होतं, "नेमकं काय हवंय तुम्हाला?" आणि सरांनी चष्मा पुसत सुरुवात केली होती, "त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो."

झालं! आता पहिल्या शिक्षण आयोगापासून.

नेमकं हवं होतं ते एका वाक्यात मावणारं होतं: दरवर्षी धोरण बदलू नका, आणि उद्यापासून लागू होणाऱ्या नियमानं जुन्या कंत्राटी प्राध्यापकांना घरी बसवू नका. ते वाक्य संघटनेचा कार्यवाह म्हणून त्यानंच म्हणायचं, असं ठरलेलं... पण सर बोलत असताना मध्ये तोंड घालायचं? ज्यांनी शिकवलं, नोकरीला लावलं, ज्यांच्यासमोर तो अजून खुर्चीच्या कडेवर बसतो — आणि धाकटी बहीण? ती त्या कंत्राटींतलीच. दर उन्हाळ्यात नवी मुलाखत, तेच प्रश्न. 'मला काय दादा, दरवर्षी नव्यानं बघायला येतात,' म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची. बोल ना, आता बोल, सरांनी श्वास घेतलाय... तेवढ्यात दुसरा आयोग सुरू झाला.

"मास्तर," मंत्री उठत म्हणाले, "तास संपला तुमचा. आलं सगळं लक्षात."

सर खूश. जिन्यात म्हणाले, "शांतपणे ऐकून घेतलं हो माणसानं." त्यानं मान डोलावली, सरांपुढे ती आपोआप डोलते.

बहीण फाटकापाशी उभी होती. "दादा, आमचं बोललास ना?"

"वेळच मिळाला नाही गं."

पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिनं त्याच्यापुढे धरली. ऊन फार होतं. पाणी पिताना तो स्वतःला चाचपत राहिला — वाईट वाटतंय का? वाटत होतं. पण त्या वाईट वाटण्याखाली एक सुटका होती, सरांना मध्येच तोडावं लागलं नाही याची... आणि ती सुटका हिच्या नोकरीपेक्षा मोठी निघाली. इतकी वर्षं मी याला आदर म्हणत आलो.

"चल," ती म्हणाली. मी निघालो, पण तिच्या दोन पावलं मागून. बरोबरीनं चालायचा मला धीर होईना.