पुसू नये

आमच्या हेडमास्तरांनी, अर्जुनरावांनी, ‘आमचे गाव’ हा निबंध एकदा लिहिला आणि त्यानंतर आमच्या शाळेत दुसरं गाव उरलंच नाही. सातवीच्या फळ्यावर दर वर्षी तोच निबंध, कोपऱ्यात चौकट करून ‘पुसू नये’. गाव नदीकाठी, नदी आमची आई, लोक सुखी. कंपन्यांपायी पिंपरीला आलेली लातूरची पोरं, कोकणातली पोरं, सगळी एकाच नदीकाठची. माझं डोकं भणभणायचं.

शहात्तर साली सातवीचं मराठी माझ्याकडे आलं. आधी ‘हवं ते लिहा’ म्हणून पाहिलं, तर पोरं पेन्सिली चावत बसली. मग तीन प्रश्न दिले. गाव कुठे आहे, तिथे काय दिसतं, त्यातलं तुम्हाला काय आवडतं. प्रश्न सगळ्यांना सारखे, उत्तरं ज्याची त्याची.

काळेवाडीत राहणाऱ्या मंजुळाने लिहिलं, ‘आमचे गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की आमच्या ओट्याची पायरी दिसते. आई तिच्यावर बसून भाकरी खाते. मला ती पायरी आवडते.’

अर्जुनरावांनी तो कागद टराटरा फाडून टोपलीत टाकला. “साहेब तपासणीला येणार आणि ही गाव बुडवून बसली. फळ्यावरचं उतरवलं नाही तर पुन्हा सातवीतच बसवेन.”

नापास झालीस तर शाळा बंद, असं बापाने तिला बजावलं होतं. अर्जुनरावांना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर मला त्यांचा जास्त संताप आला. वर त्यांनी बापालाही बोलावणं धाडलं.

तिचा बाप मालोजी त्याच दुपारी, पहिली पाळी सुटल्यावर, कंपनीच्या कपड्यांतच आला. अर्जुनरावांनी त्याला खड्या आवाजात फळा वाचून दाखवला. ‘नदी आमची आई’ आलं तेव्हा मालोजीने मान खाली घातली.

“हे लिवलं तर पोरगी पास व्हईल?”

“होईल.”

“मग लिव, मंजे. मास्तर म्हनत्यात तसं.”

मंजुळाने वही उघडली. मालोजी टोपलीपाशी उकिडवा बसून फाटके तुकडे वेचू लागला. “हिच्या आईला वाचून दावाय व्हतील,” तो मला म्हणाला.

“राहू द्या हो,” अर्जुनराव म्हणाले, “कचरा शिपाई काढेल.”

कचरा म्हणे. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी डस्टर उचललं आणि नदी, आई, सुखी लोक, सगळं पुसून टाकलं. कोपऱ्यातली चौकट तेवढी ठेवली. तिच्याशेजारी माझे तीन प्रश्न लिहिले.

“सुभद्राबाई, हे महागात पडेल.”

“पडू दे. निबंधाचे मार्क मी देते. हिला नापास करायचं तर साहेबांसमोर करा, तिचा निबंध मोठ्याने वाचून.”

अर्जुनराव पाय आपटत निघून गेले. मंजुळाने बापाकडे पाहिलं. त्याच्या मुठीत ते तुकडे होते.

“लिव,” मालोजी म्हणाला. “आदी गावाचं नाव लिव.”