तिगाड्यातला खर्ज

रघु म्हात्रे रस्त्याने चालला की ओळखीपाळखीचे लोक त्याच्या मानेमागे हात न्यायचे. मारायचे नाहीत, नुसता आविर्भाव करायचे आणि हसायचे. उल्हासनगरच्या कापडबाजारात तेच, बदलापूरच्या भाजीगल्लीत तेच. सगळी उमर ‘तिगाड्या’त गाण्यात घालवून त्याची ओळख एवढीच उरली होती: टपली खाणारा.

‘तिगाडा’ म्हणजे तीन गळ्यांचं गाणं. पेटी नाही, तबला नाही, तालसुद्धा तोंडानेच. वरचा आवाज शशिकांत प्रधानचा, मधला वृंदा दातेचा आणि खाली खर्ज रघुचा. शशिकांत अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी, वृंदा शाळेत शिक्षिका आणि रघु पालेगावचा, त्याच कारखान्यात कामगार. कारखान्याच्या कॉलनीतल्या गणपतीत ऐनवेळी पेटीवाला आला नाही, म्हणून हे तिघं स्टेजवर चढले ते पुढे उतरलेच नाहीत. सत्यनारायण झाले, हळदी झाल्या, सिंध्यांची लग्नं झाली. मधली काही वर्षं कोणी विचारेना. मग मोबाईलवर त्यांचा एक तुकडा फिरला आणि पुन्हा तारखा पुरेनात.

फिरला तो तुकडा टपलीचाच. शशिकांत साहेब, वृंदा साहेबाची कजाग बायको आणि रघु रस्ता चुकलेला गावठी पाहुणा. रघुने ‘टेसन’ म्हटलं की मानेवर एक टपली, ‘विंजिन’ म्हटलं की दुसरी. पालेगावात असं कोणी बोलत नव्हतं. ती भाषा शशिकांतने घरी बसून लिहिली होती. सुरुवातीला हात हलका होता. पुढे सवयीने जड झाला. माईकमध्ये फटका ऐकू आला की हशा दुप्पट येतो हे शशिकांतला समजलं, तेव्हापासून रघुची मान कार्यक्रमानंतर तास तास ठणकायची.

रघुची आई, बनूबाई, एकदाच कार्यक्रमाला आली होती. पुढच्या रांगेत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना म्हणाली, “तो मारतो तवा तू हसतंस कशाला?” ती पुन्हा कधी आली नाही, आणि आता तर तिला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

दरम्यान काळ फिरला होता. पालेगावची शेती बिल्डरांना विकली गेली, तिथे इमारती उठल्या आणि त्यातल्या एका इमारतीवर रघुच्या आजोबांचं नाव लागलं. शशिकांत मात्र निवृत्तीनंतर कॉलनी सोडून लिफ्ट बंद पडणाऱ्या सोसायटीत राहायला गेला होता. कार्यक्रमाला तो रघुच्या गाडीतून जायचा, पुढच्या सीटवर बसायचा आणि एसी कमी कर म्हणून सांगायचा. अजूनही रघु त्याला ‘तुम्ही’ म्हणायचा आणि तो रघुला ‘रघ्या’.

यंदा बदलापूरच्या नाट्यगृहात मोठा कार्यक्रम ठरला. रघुची मुलगी तेजस्वी बदलापुरातच दिलेली. तिच्या सासरची सगळी मंडळी येणार होती. त्यांनी रघुला स्टेजवर कधी पाहिलं नव्हतं. रघु मुद्दाम शशिकांतच्या घरी गेला आणि या कार्यक्रमात टपली नको, एवढंच म्हणाला. वाटल्यास पाहुणा ठेवा, भाषा ठेवा.

शशिकांतने चहाचा कप खाली ठेवला. “लोक त्या टपलीलाच येतात, रघ्या. गाण्याला कोण येतंय?”

“मग एक दिवस मी मारतो. तुम्ही खा.”

“तुझ्या हातचा मार बघून कोण हसेल?” शशिकांत म्हणाला. चिडून नाही, अगदी समजावून सांगितल्यासारखं. मग म्हणाला, बघू.

बघू म्हणजे काय ते कार्यक्रमात दिसलं. ‘टेसन’ला शशिकांतने नुसतं बोट उगारलं. रघुने सुटकेचा श्वास टाकला तोच ‘विंजिन’ला असा फटका बसला की रघुचा चष्मा उडून स्टेजच्या कडेला पडला. हशाने नाट्यगृह कोसळलं. चौथ्या रांगेत व्याही मांडीवर थापा मारत होते. तेजस्वी मान खाली घालून पदराचं टोक गुंडाळत होती.

रघुने चष्मा उचलून घातला. पुढे शेवटचं गाणं होतं, आणि सूर नेहमीप्रमाणे त्यानेच द्यायचा होता. वाद्य नसल्यामुळे तिघंही उभे असायचे ते रघुच्या खर्जावर. त्याने रोजचाच सूर दिला. दुसऱ्या कडव्याला मात्र केसभर वर गेला. कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्याला आणखी केसभर. वृंदाने त्याच्याकडे एकदा पाहिलं, काय चाललंय ते तिला कळलं, आणि ती त्याच्यामागोमाग वर चढली. मग शशिकांतला इलाजच उरला नाही. गळ्याच्या शिरा ताणून तो चढत राहिला, डोळ्यांनी रघुला थांब म्हणत राहिला. रघु समोर बघत होता.

शेवटी शशिकांतची लांब तान होती. ती ऐकायला जुने लोक अजून यायचे. तो त्या सुरापर्यंत पोहोचला आणि आवाज फाटला. पिपाणीसारखा चिरकला, सावरला, पुन्हा चिरकला. लोकांना वाटलं हीही गंमतच. असा हशा टपलीलासुद्धा कधी आला नव्हता.

आत रंगपटात शशिकांत घाम पुसत उभा राहिला. “मुद्दाम केलंस.”

“हो,” रघु म्हणाला. “तू मुद्दाम मारलंस, मी मुद्दाम चढवलं.”

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा रघुच्या तोंडातून ‘तू’ निघालं होतं, आणि ते दोघांनाही ऐकू आलं. शशिकांत वृंदाकडे वळला. तिला कळलं होतं तर तिने रघुला धरून खाली का नाही आणलं, असं त्याने विचारलं. वृंदा बांगड्या काढत होती.

“मला कजाग बायको करून तू किती वर्षं हसवलंस, शशी? मी कधी ‘का’ म्हणून विचारलं?” मग ती रघुला म्हणाली, “आणि तू खूश होऊ नकोस. गाणं तेवढं चांगलं होतं आपलं. तेही तू नासवलंस.” पर्स उचलून ती रिक्षाने निघून गेली.

बाहेर विहीणबाई रघुला म्हणाल्या, तुमचे साहेब काय मस्त चिरकले हो. रघु हसला नाही. तेजस्वीने त्याला बाजूला घेतलं. तिला सगळं समजलं होतं. “बाबा, मारत होता तेव्हाच खाली उतरायचं होतं तुम्ही,” ती म्हणाली. “म्हाताऱ्या माणसाचा गळा फाडून काय मिळालं?”

आठवडाभराने शशिकांतचा फोन आला. रघु भांडणाच्या तयारीनेच बसला होता. पण शशिकांत कामाचंच बोलला. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठचा निरोप होता, साईं, वो चिल्लानेवाला आयटम जरूर करना. ते चिरकणं ठेवू या, शेवटाला चांगलं बसतं, असं शशिकांतचं म्हणणं होतं. ज्या घावासाठी रघु इतकी वर्षं दबा धरून होता, तो या माणसाने आठ दिवसांत आयटम करून टाकला होता.

“आणि टपली?” त्याने विचारलं.

“ती तर राहणारच.”

रघुने फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला.

तरीही ‘तिगाडा’ बंद पडला नाही. वृंदाने येणार नाही म्हणून कळवलं, पण शशिकांतला विठ्ठलवाडीचा अक्षय नावाचा एक बँकवाला मिळाला. आता दोघंच गातात, सूर मोबाईलवर लावतात. परवा तेजस्वीच्या नवऱ्याने त्यांचा व्हिडिओ पाठवला. रघुने तो गाडीत बसून पूर्ण पाहिला. अक्षयने मार खाल्ला, लोक हसले, शेवटी शशिकांत बरोबर ठरल्या जागी चिरकला. अक्षयचा खर्ज पातळ होता. रघुने व्हिडिओ पुन्हा सुरू केला आणि काचा वर घेऊन अक्षयच्या खाली आपला सूर लावून पाहिला. मग इमारतीचा वॉचमन गाडीकडे येताना दिसला, तसा त्याने फोन पालथा घालून सीटवर टाकला आणि गाडी चालू केली.